पाच हजारांत कंपनीचे मालक व्हा

सगळ्यात आधी पतपेढीतली ती एफडी मोडा. व्याजावर कोण कधी उद्योगपती झालंय? सगळी नको, पाच हजारांपुरती पुरे. मराठी माणूस धंद्यात मागे का, यावर परिसंवाद ऐकण्यात तुमची निम्मी हयात गेली. आता लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकल्या टेकल्या, ठाणे यायच्या आत, अंगठ्याने धंद्यात उतरता येतं.

नव्या कंपन्यांसाठी लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करणाऱ्या ॲपवर एक तरुण दिसेल. काळा टी-शर्ट, मागे फळा, फळ्यावर बाण. तो नाचणीची बिस्किटं विकतो, पण त्याला बिस्किटवाला म्हणू नका, तो पोषणक्षेत्रात क्रांती करतोय. बिस्किटांच्या दुकानाची किंमत काढायची तर गल्ला बघावा लागतो. क्रांतीची किंमत पन्नास कोटी, आणि ती त्यानेच सांगितलेली असल्यामुळे पुन्हा तपासायची गरज नाही. पन्नास कोटींत तुमचे पाच हजार म्हणजे ०.००१ टक्का. दर लाख पुड्यांमागे एक पुडा तुमचा. तो घरी नेता येत नाही, हा भाग वेगळा.

कायद्याची काळजी करू नका. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी कंपनीने शेअर विकायचे ते आधी निवडलेल्या, नावानिशी ठरलेल्या माणसांना. एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना, आणि तेही जाहिरात न करता. तुमच्या ॲपवर मात्र ‘आतापर्यंत ६४० जण सामील’ असं हिरव्या अक्षरांत झळकतंय. हे जमवलं कसं, असा खवचट प्रश्न मनात आला तर उत्तर सोपं आहे: शेअर द्यायचेच नाहीत. तुम्हाला एक करार मिळतो. कंपनीची किंमत वाढली, ती कोणी विकत घेतली आणि त्या दिवशी कराराच्या एकोणिसाव्या पानावरच्या सगळ्या अटी जुळून आल्या, तर फरकाची रक्कम देण्यात येईल, असं त्यात म्हटलेलं असतं. मताचा हक्क नाही, वार्षिक सभेचं आमंत्रण नाही, ताळेबंद मागायचा अधिकार नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तास भांडणाऱ्या तुम्हाला हा केवढा आराम! शिवाय तुम्ही आता ‘कम्युनिटी’त आहात. तिचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं.

सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेबद्दल कोणी टोकलं तर हसून सोडून द्या. वांद्रे-कुर्ला संकुलात ज्या कॅफेत तुमचा संस्थापक तीनशे रुपयांची कॉफी पितो, त्याच संकुलात सेबीचं मुख्यालय आहे. या मंडळींनी जून २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर, म्हणजे ॲपवरच्या अशाच वर्गणीवर, चर्चेसाठी एक टिपण काढलं. चर्चा झाली, नियम काही आले नाहीत. उलट ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी जाहीरच केलं की, असे ऑनलाइन मंच आमच्या मान्यतेने चालत नाहीत, गुंतवणूकदारांनी सांभाळावं. नव्या कंपन्यांत पैसे घालायचा अधिकृत रस्ता म्हणजे एंजल फंड, अनेकांचे पैसे एकत्र करून अशा कंपन्यांत घालणारा सेबीकडे नोंदलेला फंड. तिथे आता फक्त मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांना प्रवेश. त्या मान्यतेसाठी ढोबळमानाने वर्षाचं उत्पन्न दोन कोटी तरी हवं, नाहीतर साडेसात कोटींची मालमत्ता, आणि त्यातली निम्मी आर्थिक स्वरूपाची. म्हणजे परळच्या वडिलोपार्जित खोलीचा रीडेव्हलपमेंटनंतरचा भाव धरूनही भागायचं नाही. पैसे बुडवायचा हक्क श्रीमंतांनीच का राखून ठेवावा? हा अन्याय दूर करायलाच तर ॲपचा जन्म झाला. त्याची फी कंपनी देते, तुम्हीही देता. बिस्किटं खपोत न खपोत, ती आधीच वळती झालेली असते.

आई विचारेल, “अरे, कागद काही देतात का?” तिला म्हणावं, आता सगळं डिजिटल असतं. त्यावर ती काही बोलणार नाही. फक्त बघेल.

मग ॲपच्या वेबिनारला बसा. तिथे विलायतेची गोष्ट सांगतात: २०१६ मध्ये, आज मॉन्झो या नावाने चालणाऱ्या बँकेने क्राउडक्यूब या तिथल्या क्राउडफंडिंग मंचावर ९६ सेकंदांत दहा लाख पौंड उभे केले. गोष्ट खरी आहे. ते ब्रिटिश नियामकाच्या देखरेखीखाली घडलं आणि तिथे नवख्या गुंतवणूकदाराला आपल्या गुंतवण्याजोग्या मालमत्तेच्या दहा टक्क्यांच्या आत राहण्याची ताकीद असते, असले रटाळ तपशील वेबिनारच्या वेळेत बसत नाहीत. ब्रूडॉगची गोष्टही तिथे निघत नाही. या बिअर कंपनीने हजारो गिऱ्हाइकांना शेअर विकले आणि २०१७ मध्ये एका अमेरिकी फंडाला आत घेतलं, ते कंपनी विकली गेली तर वर्षाला १८ टक्के चक्रवाढ दराने त्याचा वाटा आधी देण्याच्या अटीवर.

ही ‘आधी’ची गंमत आपल्याकडेही आहे. समजा, तुमच्या बिस्किटांत पुढे एखाद्या मोठ्या फंडाने वीस कोटी घातले, आमचे पैसे आधी, ही अट घालून. तीन वर्षांनी कंपनी पंधरा कोटींना विकली गेली. ते पंधराच्या पंधरा फंडाकडे जातात. संस्थापकाला नव्या मालकाकडे चांगल्या पगाराची नोकरी मिळते. पेपरात ‘मराठी तरुणाच्या स्टार्टअपची यशस्वी विक्री’ असा मथळा येतो. त्याचं कात्रण काढून ठेवा. परतावा म्हणून तेवढंच हाती लागायचं आहे.

पण विक्री होणं हा झाला भाग्ययोग. बहुतेकदा काहीच होत नाही. सुरुवातीला दर महिन्याला ईमेल येते, मग तिमाहीला, मग दिवाळीला नुसत्या शुभेच्छा. कंपनी सरकारी नोंदीत ‘ॲक्टिव्ह’ दिसत राहते आणि संस्थापक लिंक्डइनवर ‘अपयशातून मी काय शिकलो’ हे लिहायला लागतो. त्याच्या शिक्षणाची फी तुम्ही भरलीत, याबद्दल तो आभार मानेल अशी अपेक्षा नको. पोस्ट लाइक मात्र करा.

राहता राहिला आयकर. तुमच्याकडे करार नसून खरोखरचे शेअर असतील, ते चोवीस महिन्यांहून जास्त काळ सांभाळले असतील आणि कोणीतरी ते कवडीमोलाने का होईना विकत घेतले, तर झालेला तोटा दीर्घकालीन ठरतो. विवरणपत्र मुदतीत भरलंत तर तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. मेख एवढीच की, तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो. म्हणजे तोट्याचा फायदा घ्यायचा तर आधी कुठेतरी नफा व्हायला हवा, आणि घड्याळ तर सुरू झालंय. तेव्हा उगाच वेळ दवडू नका. ॲप उघडा, एक नवा तरुण आलाय, टी-शर्ट तोच, या वेळी कोकम सरबत. किंमत ऐंशी कोटी. राउंड शुक्रवारी बंद होतोय.