टोनी क्लिफ्टनच्या चष्म्यामागे कोण होतं

टोनी क्लिफ्टनचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, अरे तो अँडी कॉफमनच होता मेकअप करून, आणि विषय संपवतात. मला हे अजिबात पटत नाही. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँडी कॉफमन, अमेरिकन विनोदी कलाकार, १९४९ सालचा, न्यूयॉर्कचा. १९७८ला सुरू झालेल्या 'टॅक्सी' मालिकेत तो लाटका नावाचा परदेशी मेकॅनिक करायचा, भोळा, मोडकंतोडकं इंग्लिश बोलणारा, सगळ्या अमेरिकेचा लाडका. आपल्याकडे जिम कॅरीच्या १९९९च्या सिनेमामुळे बऱ्याच जणांना तो माहीत झाला.

आणि क्लिफ्टन म्हणजे लास वेगासचा लाउंज सिंगर. म्हणजे लोक खातायत पितायत आणि समोर एक जण जुनी गाणी म्हणतोय, त्यातला. पण थाट असा की जणू मोठा गायक फ्रँक सिनात्राच. पीच रंगाचा कोट, झालरीचा शर्ट, काळा चष्मा, जाड मिशी, पुढे आलेलं पोट, हातात सिगरेट. सूर कुठल्या कुठे, गाणं मध्येच थांबवणार, पुढच्या टेबलावरच्या कुणालातरी धरणार आणि चारचौघांत त्याचा असा पाणउतारा करणार की स्क्रीनवर बघतानाही आपल्याला अवघडायला होतं. आणि अँडी स्वतः कसा, तर ध्यान करणारा, सिगरेट न ओढणारा माणूस.

अँडी शेवटपर्यंत हेच सांगत राहिला की टोनी हा वेगळा माणूस आहे, मी त्याला वेगासमध्ये गाताना पाहिलंय. आणि हे फक्त मुलाखतीपुरतं नव्हतं बरं का. 'टॅक्सी' करायला तो तयार झाला त्यातली एक अट म्हणजे क्लिफ्टनला पण मालिकेत काम द्यायचं, तेही वेगळा माणूस म्हणून. निर्मात्यांनी ते मान्य केलं! मग क्लिफ्टन सेटवर आला, दोन बायकांना बरोबर घेऊन, सगळ्यांशी वाट्टेल तसा वागला, भांडणं झाली, शेवटी त्याला काढून टाकलं आणि सिक्युरिटीने पॅरामाउंट स्टुडिओच्या आवाराबाहेर नेऊन सोडलं. नंतर अँडी कामाला आला तो जसं काही घडलंच नाही असा. सेटवरच्या लोकांच्या त्या दिवसाचं काय, हा प्रश्न मला पडतो आणि तिथे मी अँडीच्या बाजूने नाही. कुणाचं तरी रोजचं काम असतं ते.

पण आता खरी मेख सांगते. हळूहळू बातमी फुटली की क्लिफ्टन म्हणजे अँडीच. लोक तिकीट काढून यायला लागले, शिव्या खायच्या आणि मनात म्हणायचं, आम्हाला कळलंय रे कोण आहेस तू. नेमक्या ह्याच वेळी अँडीने चष्मा, मिशी, पोट सगळं त्याचा मित्र आणि लेखक बॉब झमुडाच्या अंगावर चढवलं. अँडीच्या भावानेसुद्धा एकदा क्लिफ्टन केलाय. १९८२ला डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या शोमध्ये जो क्लिफ्टन आला तो झमुडा होता. म्हणजे ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते पहिल्यांदा फसले, आणि ज्यांना वाटत होतं आपल्याला आतली गोष्ट कळलीय ते नंतर फसले, आणि माझ्या मते अँडीची सगळ्यात मोठी कला ह्या दुसऱ्या फसवणुकीत आहे, कारण स्वतःच्या नावाच्या टाळ्या त्याने दुसऱ्याला देऊन टाकल्या. कुठला कलाकार करतो असं?

आमच्या गावी लहानपणी बहुरूपी यायचे. एकदा एक जण पोलिसाच्या वेशात दारात उभा राहिला, खाकी कपडे, हातात छडी, वॉरंट आहे म्हणाला, आजी पार घाबरली. दोन मिनिटांनी त्याने हसून टोपी काढली, 'माय, बहुरूपी आहे, काहीतरी द्या', आणि आजीने सूपभर ज्वारी घातली. सोंग कितीही मोठं असो, शेवटी टोपी काढायचीच हा त्यांचा नेम. अँडीने टोपी काढलीच नाही.

त्याची किंमत पण त्यानेच मोजली. कुस्तीगीर जेरी लॉलरशी झालेलं भांडण सुद्धा दोघांनी मिळून ठरवलेलं होतं, आणि स्वतःच्या मृत्यूचं नाटक करायचं असंही तो बोलून दाखवायचा. त्यामुळे फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा लोकांना ते खरंच वाटेना. १६ मे १९८४ला, वयाच्या ३५व्या वर्षी तो गेला तरी कित्येकांना वाटलं हा पण नाटक करतोय. ह्याचं मला फार वाईट वाटतं. घरच्यांना धड दुःख तरी करता आलं असेल का?

आणि बरोब्बर वर्षाने, १६ मे १९८५ला, लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर नावाच्या कॉमेडी क्लबमध्ये टोनी क्लिफ्टन स्टेजवर आला. आत झमुडा होता.

मी क्लिफ्टनचे जुने व्हिडिओ बघते तेव्हा पॉज करून आधी हात बघते, मग कान, मग हनुवटी, जिथे ते चिकटवलेलं रबर संपतं आणि खरी कातडी सुरू होते तिथे. अँडी आहे की झमुडा. चारदा मागे नेऊन बघते. मला आजही खात्रीने सांगता येत नाही.