‘दोन सारखेच फोटो’ या तक्रारीवर मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार दिलात, दुकानाला झोंबला. पण तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: नाशिकच्या जागांचे दोन किंचित वेगळे फोटो, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या, आम्ही एका कार्डावर शेजारी-शेजारी चिकटवतो. लाकडी खोक्यातून पाहिलं की त्यात जवळचं पुढे आणि लांबचं मागे दिसतं.

आधी खांबांचं. ‘पांडवलेण्यातले खांब भिंतीत घुसलेले दिसतात’ असं तुम्ही लिहिलंत आणि कार्डाचा फोटोही टाकलात, हे बरं केलंत. चिकटवताना आमच्याकडून डावा-उजवा उलटा झालाय. डाव्या फोटोत जवळचा खांब मागच्या भिंतीच्या मानाने जरा उजवीकडे हवा, तुमच्या कार्डावर तो डावीकडे आहे. असं झालं की भिंत पुढे येते आणि खांब आत जातो. म्हणजे तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत, चुकलो आम्ही.

डोकं दुखलं, तेही आमच्या कात्रीमुळे. एक फोटो दुसऱ्यापेक्षा दोनेक मिलिमीटर वर बसलाय. आपले डोळे आत-बाहेर सहज वळतात, पण एक वर आणि एक खाली हे त्यांना जमत नाही. ओढाताण होते.

‘एकच फोटो दोनदा छापून ८०० रुपये घेतले’ हे मात्र मान्य नाही. आठवा, मी तुम्हाला आधी डाव्या पायावर भार द्यायला लावला, क्लिक, मग उजव्या पायावर, पुन्हा क्लिक. तेवढ्यात मोबाइल सहा-सात सेंटिमीटर सरकतो, साधारण दोन डोळ्यांतल्या अंतराएवढा. फरक कार्डावर नुसता बघून कळत नाही, खोक्यातून कळतो. तो लाकडी खोकाही ‘भंगारातला’ नाही हो! होम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८६१ मध्ये केलेल्या नमुन्यावरून सुताराकडून करून घेतलाय. त्याने मुद्दाम पेटंट घेतलं नव्हतं, म्हणून कुणीही बनवावा.

टेकडीवरून घेतलेलं शहराचं दृश्य सपाट आलं, कारण पाय बदलून तिथे काही होत नाही. ढोबळ हिशोब असा, की सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढं सरकायचं. दोन मीटरवरच्या खांबाला सहा-सात सेंटिमीटर पुरतात. तीनशे मीटरवरच्या घराला दहा मीटर चालत जाऊन दुसरा फोटो काढावा लागतो. हे मी तिथेच सांगायला हवं होतं, चहाच्या नादात राहून गेलं.

रामकुंडावरची कार्डं मात्र कुणीच नीट करून देऊ शकणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकमध्ये पाणी हलतं, माणूस डुबकी मारून वर येतो. तिथे दोन कॅमेरे एकाच वेळी चालवावे लागतात. घाटाच्या पायऱ्या घ्या, देवळं घ्या, ती जागची हलत नाहीत.

आणखी एक. लहानपणापासून डोळा तिरळा असेल तर काहींना हा जवळ-लांबचा फरक दिसतच नाही, कार्ड कितीही नीट असो. इथून पुढे पैसे घेण्याआधी खोक्यातून एक कार्ड दाखवून विचारणार आहे.

तुमची पांडवलेण्याची कार्डं पुन्हा करून ठेवलीत, त्याचे पैसे नाहीत. शिवाय अर्धी फी परत देतो. सवडीने या, मुलालाही आणा, तो खोका सोडायला तयार नव्हता. आणि ती उलटी कार्डं टाकून देऊ नका. नव्या मंडळींना डावं-उजवं चुकलं की काय होतं ते दाखवायला मला हवीत.