त्या हिमनगाच्या चित्राबद्दल
समलिंगी मुलामुलींच्या कादंबऱ्यांवरच्या लेखातलं 'धार्मिक शाळा म्हणजे खलनायक, हा आता साचा झालाय' हे वाक्य मला निम्मंच पटलं. साचेबंद कादंबऱ्या आहेतच. धर्मगुरू दारात आले की पुढचं पान न उलटता सांगता येतं. पण एमिली डॅनफोर्थची २०१२ सालची 'द मिसएज्युकेशन ऑफ कॅमेरॉन पोस्ट' त्या ढिगात टाकू नका. त्यातल्या ख्रिस्ती शाळेत 'सुधारायला' पाठवलेल्या समलिंगी मुलांच्या हातात हिमनगाचं चित्र देतात. वरच्या टोकावर समलिंगी आकर्षण, आणि पाण्याखाली ते आपल्यात कशामुळे आलं याची कारणं ज्याची त्यानं लिहायची. आईवडील, खेळ, मैत्रिणी, सगळं उकरून काढायचं. चित्र देणारी माणसं गोड बोलतात, काही तर मनापासून प्रेमळ आहेत. अंगावर काटा येतो तो त्यामुळेच! रागावणाऱ्याशी भांडता येतं हो, आपल्यासाठी डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्याशी सोळाव्या वर्षी कसं भांडणार?

श्रद्धा सोडली की सुटका, हा शेवट मात्र आता पुरे झाला. प्रार्थनेत रमणारी आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीवर जीव जडलेली नायिका मला वाचायचीय. तिला दोन्ही हवं असेल तर?