ॲलर्जीची तपासणी: आधी सोसायटीला विचारा

कोळंबीचं कालवण खाल्लं, पाव तासात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या? घाबरू नका. ते पित्त आहे. आपल्याकडे अंगावर जे जे उठतं ते पित्तच असतं. आमसुलाचं पाणी चोळा आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाका. दहा मिनिटांत निदान हातात. कोणी म्हणेल ग्लूटेन, कोणी म्हणेल आरओचं पाणी. कोळंबीचं नाव मात्र कोणी काढणार नाही, कारण रविवार जवळ आलेला असतो.

काय खाल्लं, किती खाल्लं आणि त्रास किती वेळाने सुरू झाला, हे चुकूनही लिहून ठेवू नका. ॲलर्जीच्या डॉक्टरला नेमकं हेच हवं असतं. तोच पदार्थ आधी पचला होता का, त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली होती का, जेवून लगेच पळायला गेला होतात का, अशा चौकशा करत तो अर्धा तास घालवतो. कधी कधी तर बांगडा बर्फात नीट ठेवलेला नव्हता, त्यात खाज आणि लाली आणणारं हिस्टामिन साठलं आणि तोंड लाल झालं, एवढाच निष्कर्ष निघतो. म्हणजे ॲलर्जी नाहीच! इतक्या खटाटोपानंतर घरी सांगायला काही उरतच नाही.

त्यापेक्षा पॅकेज घ्या. माणूस घरी येऊन रक्त नेतो आणि दोनेकशे पदार्थांचा लाल-पिवळा-हिरवा तक्ता मोबाइलवर येतो. यातल्या बऱ्याच पॅकेजांत आयजीजी नावाची रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मोजतात. एखादा पदार्थ आपण खात आलोय, एवढंच त्यातून कळतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच बजावलं होतं की अन्नाच्या ॲलर्जीसाठी ही तपासणी करू नये. पण त्यांच्याकडे असा रंगीत तक्ता कुठे आहे? लाल रकान्यात काय येतं ते बघा: गहू, दूध, तूरडाळ. तुम्ही रोज जेवता याचा हा छापील पुरावा. आता तिन्ही बंद करा, शाळेत जाणाऱ्या मुलाचंही करा, आणि त्याचं वजन का वाढत नाही यासाठी वेगळं पॅकेज घ्या.

खरी तपासणी अगदीच कळकट आहे हो. हातावर पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेशी एकेका पदार्थाच्या अर्काचा एक थेंब ठेवतात आणि बारीक टोकाने त्यातून कातडीला जरासं टोचतात. तुलनेसाठी एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, ज्याने गांध उठू नये, आणि एक हिस्टामिनचा, ज्याने उठायलाच हवी. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. मग पट्टीने मोजतात: मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटरने मोठी गांध उठली तर दखल घ्यायची. तुम्ही जाण्याआधी सकाळीच सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, घ्या. म्हणजे हिस्टामिनचा थेंबही गप्प बसेल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. ही गोळी बरेच दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, पण सांगितलेलं ऐकलं तर आपण रुग्ण कसले?

आणि एवढं करूनही तो डॉक्टर म्हणतो, 'शेंगदाण्याची गांध उठली आहे, पण तुम्ही दाण्याची चटणी रोज खाता आणि काही होत नाही, तर खात राहा.' घ्या! पैसे दिले, गांध उठली, तरी ॲलर्जी नाही. रक्तातल्या आयजीईचंही, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडांचंही, तेच. आकडा वाढलेला असला तरी त्रासाची हकीकत जुळल्याशिवाय हा माणूस मानत नाही. शंका राहिलीच तर दवाखान्यात बसवून, इंजेक्शन तयार ठेवून, तोच पदार्थ कणाकणाने वाढवत खायला देतो.

हे तर आपल्याकडे फुकट होतं. नातवाला दाण्याचा त्रास होतो असं सुनेने सांगितलं की आजी बारशाच्या पंगतीत खमंग काकडीत चमचाभर कूट घालते. 'बघू तरी काय होतंय ते.' ना थेंब, ना मोजपट्टी, ना शेजारी नर्स. पोराला खोकला सुरू झाला, आवाज बसला, तर गोळी द्या. खाज थांबेल. श्वासासाठी ॲड्रेनॅलिन लागतं, तेही मांडीत आणि लगेच. ते असतं दवाखान्यात. पण मठ्ठा अजून वाढायचाय, आणि भरल्या पंगतीतून उठणं बरं दिसत नाही.