‘पोर्सेलिन घाला, ओल विसरा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

कोकणात घर बांधणाऱ्यांमध्ये लाद्यांबद्दल एक संदेश सतत फिरतो आहे: ‘सिरॅमिक म्हणजे माती, पोर्सेलिन म्हणजे दगड, आपल्या पावसात सिरॅमिक टिकत नाही, म्हणून घरभर पोर्सेलिनच घाला, मग वॉटरप्रूफिंगचा खर्चही वाचतो.’

पहिले विधानच चूक आहे. पोर्सेलिन हाही सिरॅमिकचाच प्रकार आहे. बारीक दळलेली चिकणमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ मोठ्या दाबाखाली दाबून सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजले, की त्यातील काही भाग काचेसारखा वितळून लादी घट्ट होते. तिचे पाणी शोषण ०.५ टक्क्यांहून अधिक नसते. दुकानात तिलाच बहुधा व्हिट्रिफाइड म्हणतात. भिंतीच्या साध्या सिरॅमिक लादीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर असते. मागील बाजूवर पाणी ओतून पाहिले, तरी फरक कळतो.

‘सिरॅमिक टिकत नाही’ हेही सरसकट खरे नाही. ओट्यामागच्या भिंतीवर सिरॅमिक लादीचा वरचा काचेरी लेप पाणी अडवतो आणि तेथे पायांचा भारही नसतो, त्यामुळे तेथे ती वर्षानुवर्षे चालते. तीच भिंतीची लादी जमिनीवर घातली, तर मात्र दोष निवडीचा असतो.

सर्वांत घातक विधान वॉटरप्रूफिंगचे आहे. पाणी लादीतून नव्हे, सांध्यांतून उतरते, आणि साधे सिमेंटचे ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचा माल, ते पूर्णपणे अडवत नाही. त्यातच जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओल भिंतीत चढते. लादीने वाट बंद केली, की ही ओल लादीच्या वर, गिलाव्यावर फुटते. म्हणून न्हाणीघरात उतार आणि लादीखालचा जलरोधक थर यांना पर्याय नाही.

शिवाय पोर्सेलिनचा पाणी न शोषण्याचा हाच गुण लादी बसवताना अडचणीचा ठरतो. साधा सिमेंटचा माल तिच्या पाठीला नीट धरत नाही आणि काही काळाने लादी पोकळ वाजू लागते. त्यासाठी पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह वापरावे आणि ते पाठीवर सर्वत्र पसरलेले असावे, केवळ मध्ये गोळे ठेवून भागत नाही.

संदेशात घसरण्याचा उल्लेखच नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी पडवीत येणारी वयस्क माणसे पॉलिश केलेल्या लादीवर पडलेली मी पाहिली आहेत, म्हणून याबाबत मी आग्रही आहे. पोर्सेलिन मॅट पृष्ठभागातही मिळते. पडवी, पायऱ्या आणि न्हाणीघरासाठी तेच मागावे.