ग्रुपवर पेपरची पीडीएफ आली की अ‍ॅडमिनला अटक? एक खुलासा

‘व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीही वर्तमानपत्राची पीडीएफ किंवा बातमी टाकली तर अ‍ॅडमिनला थेट अटक होते’ असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. तो वाचून काहींनी बातमीची साधी लिंक पाठवणंही बंद केलंय. दावा चुकीचा आहे, पण त्यात खऱ्याचा एक अंश आहे, म्हणून नीट सांगते.

२०२० च्या टाळेबंदीत घरी पेपर येईनासा झाला आणि अख्खे अंक पीडीएफ होऊन फिरू लागले. त्याच मे महिन्यात ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्राम या मेसेजिंग अ‍ॅपला असे अंक फिरवणारे चॅनल ४८ तासांत बंद करायला सांगितलं. अफवेचं मूळ बहुधा इथेच असावं. पण तो आदेश टेलिग्रामला होता, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपला नव्हे.

अ‍ॅडमिनचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. ते प्रकरण पीडीएफचं नव्हतं, अश्लील भाषेचं होतं. तत्त्व मात्र महत्त्वाचं आहे.

तरीही अख्खा अंक फिरवू नका. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हाच आहे. घडलेल्या घटनेच्या माहितीवर कुणाची मालकी नसते, लिहिलेल्या मजकुरावर असते. प्रकाशकाच्या संकेतस्थळाची लिंक बिनधास्त पाठवा.