‘स्पष्टवक्ता’ यांस, जरा सविस्तर

स्पष्टवक्ता साहेब, प्रतिक्रियेबद्दल आभार. खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हायचा विचार होता, पण तुमचा सूरच असा आहे की दोन ओळींत भागेना.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश या घरगुती कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनूंवरचा माझा लेख ‘गुगलवरून ओरपलेला’ आहे. लेखकाने त्या काळातल्या कॉम्प्युटरला ‘हात तरी लावला असेल का’ अशी यांना शंका आहे. झेरॉक्स कंपनीच्या स्टार या कॉम्प्युटरला मी एका ओळीत उरकलं, कमोडोर ६४ आणि अमिगा हे घरगुती कॉम्प्युटर गाळले. आणि मुख्य म्हणजे, अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सबद्दल: ‘जॉब्सने झेरॉक्समध्ये जाऊन सगळं चोरलं, हे शेंबडं पोरही सांगेल.’

आधी हात लावण्याचं बोलू. केंद्र सरकारच्या १९८४च्या क्लास योजनेतून ज्या शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर मिळाले, त्यांतल्या एका शाळेत मी शिकलो. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं, कॅसेटवरचा प्रोग्राम चालू करायला ‘CHAIN’ टाइप करायचं, पुढे दोन अवतरणचिन्हं, रिटर्न, आणि मग कॅसेटची किरकिर संपेपर्यंत गप्प बसायचं. एक अवतरणचिन्ह राहिलं की यंत्र ढिम्म हलायचं नाही, वर चूक दाखवायचं. पुढे डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायच्या, धंद्यात मॅक प्लस या मॅकिंटॉशवर दिवाळी अंक लावले. ओळ उचलून माऊसने खाली नेली आणि ती गेली, हे पहिल्यांदा केलं तेव्हा काय वाटलं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. तेव्हा साहेब, हात लावलाय. तुम्ही काय काय लावलंत तेही कळवा.

आता शेंबडं पोर.

१९७९च्या डिसेंबरात अ‍ॅपलची मंडळी पालो आल्टोला झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात गेली, ती मागच्या दाराने नव्हे. बदल्यात झेरॉक्सला अ‍ॅपलचे १ लाख शेअर सुमारे १० लाख डॉलरना घेऊ दिले होते, आणि पुढच्या डिसेंबरात अ‍ॅपल शेअर बाजारात उतरली. पार्कमधल्याच एडेल गोल्डबर्गने तिथलं काम दाखवायला कडाडून विरोध केला होता, हे तुम्ही मोठ्या विजयी मुद्रेने लिहिलंय. केला होता, बरोबर. पण तिचं भांडण तिच्याच वरिष्ठांशी होतं आणि त्यांनी तिला दाखवायला लावलं. घरमालकाने स्वतः कपाट उघडून दाखवलं तर पोलीस तक्रार कोणावर करायची? शिवाय मॅकिंटॉशच्या आधी आलेल्या अ‍ॅपलच्या लिसा या कॉम्प्युटरचं काम १९७८ला आणि अ‍ॅपलच्याच जेफ रास्किनचं मॅकिंटॉश १९७९ला, या भेटीच्या आधीच सुरू झालं होतं. झेरॉक्सने पुढे १९८९च्या डिसेंबरात अ‍ॅपलवर दावा ठोकला, तोही बहुतांश फेटाळला गेला. (कारणं कायदेशीर बारकाव्यांची होती, ठाऊक आहे. लगेच लिहायला बसू नका.)

आणि चोरायचंच म्हटलं तर झेरॉक्सकडे माऊस आला कुठून? डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने तो ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत भर सभागृहात दाखवला होता. तो घडवणारा बिल इंग्लिश पुढे पार्कमध्ये नोकरीला गेला. त्याला कोणी चोर म्हणत नाही. चार्ल्स सिमोनी पार्कमध्ये ब्राव्हो हा मजकूर लिहायचा प्रोग्राम लिहून मायक्रोसॉफ्टला गेला आणि तिथे वर्डच्या कामाला लागला, त्याबद्दलही तुमची काही तक्रार दिसत नाही. शिव्या फक्त जॉब्सला. माणूस आवडत नसेल तर तसं सांगा, इतिहासाच्या आड लपू नका.

तुमच्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं तेही बघू. पार्कच्या आल्टो या १९७३च्या कॉम्प्युटरवर, स्मॉलटॉक या तिथल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, एकावर एक खिडक्या होत्या, माऊसचं बटण दाबलं की जागच्या जागी मेनू उगवायचा. पडद्याच्या वरच्या कडेला कायमची मेनूपट्टी नव्हती. ती लिसावर काम करताना अ‍ॅपलच्या बिल अ‍ॅटकिन्सनने आणली. माऊस कितीही जोरात वर ढकला, बाण कडेला अडतो आणि मेनू सापडतो. इतकी साधी गोष्ट, पण ती कोणाच्या तरी डोक्यातून यावी लागते.

खरी गंमत अर्धवट झाकलेल्या खिडकीची आहे. वरची खिडकी हलली की खालचा उघडा भाग वेडावाकडा होतो, आणि नेमक्या तेवढ्याच भागात रंगवायचं असतं. अ‍ॅटकिन्सनला वाटत होतं की पार्कमध्ये आपण हे होताना पाहिलं. प्रत्यक्षात तिथे ते तसं होतच नव्हतं. झाकलेल्या खिडकीत काही बदलायचं तर ती आधी वर आणावी लागे. अ‍ॅटकिन्सनने मात्र, त्यांनी केलंय तर आपल्यालाही जमेल, असं धरून ते करून टाकलं. त्या वेड्यावाकड्या भागाचा आकार साठवायचा तो पडद्याच्या ओळीगणिक कडा जिथे बदलते तेवढ्याच जागा नोंदवून. ओळ आधीच्या ओळीसारखीच असेल तर काहीच लिहायचं नाही. पहिल्या मॅकच्या १२८ केबी मेमरीत पडद्याचेच २१,८८८ बाइट जायचे आणि चित्र काढायला वेगळी चिप नव्हती, सगळा भार ६८००० नावाच्या प्रोसेसरवर. न पाहिलेली गोष्ट कशी चोरतात, हे त्या पोराला विचारून सांगा.

कमोडोर ६४चं मात्र मान्य. १९८६ला त्यावर जिऑस ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, ६४ केबीत आयकॉन, मेनू, फाँट सगळं बसवलं होतं, आणि त्याला एक परिच्छेद द्यायला हवा होता. तुमचा हा मुद्दा चांगला आहे. तो नीट भाषेत आला असता तर आणखी चांगला वाटला असता. अमिगा १९८५चा, त्यावर वेगळं लिहीन.

स्टारबद्दल: तो १९८१ला आला, टेबलावरची कागदपत्रं आणि फोल्डर यांची चित्रं त्यावर लिसाच्या आधी होती, हे मला शिकवायची गरज नाही. १६,५९५ डॉलरचं ऑफिसातलं यंत्र ते, घरगुती कॉम्प्युटरवरच्या लेखात एक ओळ पुरे झाली. लिसाही ९,९९५ डॉलरला होती असं म्हणाल, तर म्हणा.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी उडवली आहे. तिच्यात कॉम्प्युटर कुठेच नव्हता, माझ्या शिक्षणाचा उद्धार तेवढा होता. पहिली ठेवली आहे, शुद्धलेखनासकट.